हिट गाण्यांच्या याद्यांची जाडजूड पुस्तकं : कशी चाळायची, कुठे फसायला होतं

वर्धाकाठ (धागाकर्ता)

गाण्यांच्या क्रमवारीची आणि रेकॉर्डच्या नोंदींची पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायला घेतली की दहाव्या पानावर झोप लागते. ती तशी वाचायचीच नसतात. एक नोंद उघडायची, त्यातला एखादा आकडा खटकला पाहिजे, आणि मग त्या आकड्याच्या मागे तीन पानं, दोन पुस्तकं, एखादा जुना अंक असं फिरत राहायचं. खरी मजा या फिरण्यात आहे.

वाचनालयासाठी पुस्तकं सुचवायच्या धाग्यावर दोघातिघांनी लिहिलं होतं की रेडिओवरच्या बिनाका गीतमालाची यादी काय आणि बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाची काय, शेवटी पहिला नंबर तो पहिला नंबर. तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढला.

माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही यादीत पहिला नंबर दिसला की आधी विचारा, मोजलं काय? विकलेले नग, दुकानदाराने फोनवर सांगितलेला अंदाज, रेडिओवर वाजल्याच्या वेळा, की श्रोत्यांची पसंती? चारहींना आपण लोकप्रियताच म्हणतो, पण ती एका तागडीत तोलता येत नाही. बहुतेक पुस्तकांच्या प्रस्तावनेत हे लिहिलेलं असतं, आणि प्रस्तावना सोडून थेट यादीवर उडी मारायची आपली सवय.

सुरुवात हरमंदिर सिंह 'हमराज़' यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोशा'पासून करावी असं माझं मत आहे. त्यात क्रमवारीच नाही, त्यामुळे नंबराचा मोह आडवा येत नाही. जाणकारांनी भर घालावी.

तबकडी_तुमसर

कोशाबद्दल लिहितो. कानपूरहून निघालेलं हे काम दशकांच्या खंडांत आहे. खंड १ म्हणजे १९३१ ते ४०, खंड २ म्हणजे १९४१ ते ५०, खंड ३ म्हणजे १९५१ ते ६०, खंड ४ म्हणजे १९६१ ते ७०, खंड ५ म्हणजे १९७१ ते ८०. छापून मात्र या क्रमाने आले नाहीत. तिसरा खंड १९८० साली आला आणि पहिला १९८८ साली. त्यामुळे जुन्या खंडात न सापडलेली माहिती नंतर छापलेल्या खंडात असेल, असं धरून चालू नका. दशकं वेगळी आहेत.

कोशाचा कणा चित्रपट आहे. वर्ष काढायचं, त्या वर्षातले चित्रपट अकारविल्हे लावलेले असतात, चित्रपटाखाली संगीतकार, गीतकार, कलाकार आणि मग गाण्यांचे मुखडे, गायक, रेकॉर्ड क्रमांक. म्हणजे हातात नुसता मुखडा असेल तर आधी चित्रपटाचं नाव दुसरीकडून मिळवून यावं लागतं. नवखा माणूस इथेच कंटाळतो.

आता बारीक गोष्ट. रेकॉर्ड क्रमांकाची जागा रिकामी दिसली की ती छपाईतली गळती समजू नका. बऱ्याचदा त्या गाण्याची तबकडी निघालेलीच नसते. 'आलम आरा' घ्या. १४ मार्च १९३१ ला लागलेला पहिला बोलपट, त्यात ७ गाणी, पण त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या नाहीत. तिथे क्रमांक येणार कुठून?

उलट प्रकारही आहे. एका मुखड्यासमोर दोन भाग दिसतात. १० इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावतात. गाणं लांब असलं की अर्धं या बाजूला आणि अर्धं त्या बाजूला, नाहीतर एखादं कडवं कापलेलं. म्हणून पडद्यावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं जसंच्या तसं एकच असेल असं धरू नये. कडव्यांवरून वाद घालायच्या आधी समोरचा कशावरून बोलतोय, ते विचारून घ्या.

भौ_दर्यापूरचा

राजेहो, मले एक समजून सांगा. गीतमालाच्या १९६२ च्या वार्षिक यादीत पयल्या नंबरवर 'जंगली'चं गानं, आन् पिक्चर तं १९६१ चा! छपाईची चूक म्हनाची काय? 'दो रास्ते' १९६९ चा, त्याचं गानं १९७० ले पयलं. 'डॉन' १९७८ चा, गानं १९७९ ले. एखादी चूक समजू शकतो, पन तीन-तीन?

रेडिओ_४१_मीटर

भाऊ, यात चूक कुठेच नाही. तीन तारखा वेगवेगळ्या धरा : तबकडी दुकानात आली ती, चित्रपट लागला ती, आणि गाणं यादीत चढलं ती. वार्षिक यादी तिसऱ्या तारखेवर उभी असते. वर्षाच्या उत्तरार्धात आलेला चित्रपट जिल्ह्याच्या गावी उशिराच पोचायचा, गाणं लोकांच्या तोंडी बसायला आणखी काही महिने, तोवर कॅलेंडर बदललेलं. अशा गाण्याचे आठवडे कधी दोन वर्षांत वाटले जातात आणि दोन्हीकडे ते खाली दिसतं. म्हणून वार्षिक यादीत अपेक्षित गाणं नसेल तर मागचं आणि पुढचं वर्ष बघितल्याशिवाय 'गाजलंच नव्हतं' म्हणू नका.

गीतमालाचं गणित आता सविस्तर, कारण हा धागा त्याशिवाय पुढे सरकणार नाही.

१९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळपास बंद पडली. ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू. सुरुवातीला ७ गाणी, आणि त्यांना क्रम नव्हता. गाणी वाजवायची आणि ती लोकप्रियतेनुसार लावून पाठवा म्हणायचं, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आल्याचं सयानी सांगत. पायदानांची (म्हणजे क्रमांकांची) क्रमवारी १९५४ पासून. म्हणजे १९५३ ची वार्षिक यादी आणि १९५४ नंतरची यादी एकाच पद्धतीची नाही. पुस्तकात मात्र दोन्ही एकाखाली एक, सारख्या टाइपात छापलेल्या असतात.

क्रमवारी ठरायची ती देशभरातल्या रेकॉर्ड विक्रेत्यांच्या अहवालांवरून आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून. या दोन्हींत गोम आहे. दुकानदार तबकडी विकतो, गाणं विकत नाही. ७८ च्या तबकडीला दोन बाजू, ४५ फेऱ्यांच्या ईपीवर (छोट्या तबकडीवर) बहुधा चार गाणी. तबकडी खपली, पण कुठल्या गाण्यासाठी? ते अहवालातून कळत नाही, तिथे श्रोता संघ कामी यायचे. आणि संघ जिथे जास्त, तिथली आवड जड. झुमरीतलैया या (आता झारखंडातल्या) गावाचं नाव देशभर झालं ते फर्माईशींमुळेच.

आणखी एक. गाणं ठरावीक आठवडे टिकलं की बिगूल वाजवून त्याला 'सरताज' करायचे आणि ते यादीतून निवृत्त व्हायचं. म्हणजे आठवड्यांना वरून झाकण होतं. गीतमालातले आठवडे आणि अमेरिकन यादीतले आठवडे शेजारी ठेवून 'आपलं गाणं कमी टिकलं' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

१९८९ ला कार्यक्रम विविध भारतीवर आला. नाव बिनाकाचं सिबाका झालेलंच होतं. संदर्भ देताना वर्षाबरोबर नावही लिहिलेलं बरं.

काटोल_वाला

मग शास्त्रीय काय राहिलं यात? पत्रांच्या गठ्ठ्यावर ठरलेली यादी. संदर्भग्रंथ म्हणण्यासारखं काही नाही.

रेडिओ_४१_मीटर

काटोलकर, जरा बाहेर बघा. गीतमालाच्या बरोबर १९ दिवस आधी, १४ नोव्हेंबर १९५२ ला, ब्रिटनमध्ये एनएमई या साप्ताहिकाने पहिली रेकॉर्ड क्रमवारी छापली. पर्सी डिकिन्स यांनी सुमारे २० दुकानांना फोन करून विचारलं, झाली यादी. नाव 'टॉप १२' आणि आत गाणी १५, कारण सारख्या क्रमांकावर जोड्या बसल्या होत्या. आज ब्रिटनचा अधिकृत इतिहास तिथूनच मोजतात. आपली पत्रं अशास्त्रीय आणि त्यांचे २० फोन शास्त्रीय, हा हिशेब मला पटत नाही. तेवढ्या वर्षांची सलग यादी आपल्याकडे दुसरी नाही. मर्यादा ओळखून वापरायची.

वर्धाकाठ (धागाकर्ता)

+१. एनएमईचा विषय निघालाच आहे तर ब्रिटिश पुस्तकाचा पेच सांगतो. १९७७ ला गिनेसचं 'ब्रिटिश हिट सिंगल्स' आलं. गॅम्बचिनी, टिम राइस, जो राइस आणि माइक रीड हे चौघं संपादक. त्यांनी मार्च १९६० पर्यंत एनएमईची यादी धरली आणि तिथून पुढे 'रेकॉर्ड रिटेलर' या दुकानदारांच्या व्यापारी नियतकालिकाची. त्या काळात रेकॉर्ड रिटेलर विचारायचं ती दुकानं एनएमईच्या मानाने कमी. पुस्तक इतकं खपलं की त्यांची निवड हाच इतिहास होऊन बसला.

परिणाम बघा. बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' १९६३ साली एनएमईत पहिलं, मेलडी मेकर या दुसऱ्या साप्ताहिकात पहिलं, रेकॉर्ड रिटेलरमध्ये दुसरं. म्हणून पुस्तकात दुसरं. 'बीटल्सचा पहिला नंबर वन कोणता' यावर पैज लावणाऱ्या दोघांपैकी दोघंही बरोबर असू शकतात. यादीचं नाव न लिहिता दिलेला नंबर म्हणजे गावाचं नाव नसलेला सातबारा.

हॉट१००_हिंगणघाट

अमेरिकेकडे येतो. इथे गाठ जोएल व्हिटबर्न यांच्याशी. जन्म १९३९, विस्कॉन्सिनमधलं मेनोमनी फॉल्स हे गाव, 'रेकॉर्ड रिसर्च' ही स्वतःची प्रकाशन संस्था. बिलबोर्डच्या जुन्या अंकांतून एकेक रेकॉर्डची नोंद कार्डावर उतरवत गेले आणि १९७० पासून पुस्तकं काढायला लागले. २०२२ ला वारले. टॉप ४० चं पुस्तक १९८३ ला आलं आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. जुन्या बाजारात जास्त करून तेच सापडतं.

एक ओळ उलगडून दाखवतो, मग बाकीचं पुस्तक आपोआप वाचता येईल. मोठ्या 'टॉप पॉप सिंगल्स'मध्ये बीटल्स उघडा, 'आय वाँट टू होल्ड युवर हँड' शोधा. डावीकडे पहिल्यांदा यादीत आल्याची तारीख : १८ जानेवारी १९६४. मग सर्वोच्च क्रमांक १, आणि त्या एकच्या डोक्यावर बारीक ७. हा बारीक आकडा नवख्यांच्या नजरेतून हमखास निसटतो. ७ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, असं तो सांगतो. पुढे एकूण आठवडे १५. सोन्याच्या रेकॉर्डची खूण. शेवटी लेबल आणि क्रमांक, कॅपिटल ५११२. दुसऱ्या बाजूचं गाणं वेगळं चढलं असेल तर त्याची ओळ स्वतंत्र. इथे ते १४ पर्यंत गेलं.

या एका ओळीत चार फसवणुका आहेत.

तारीख अंकावर छापलेली असते, मोजणीची नसते. अंक पुढची तारीख टाकून निघायचा, आकडे त्याआधीचे. एखाद्या घटनेचा विक्रीवर परिणाम शोधताना दोन-तीन आठवड्यांची फट धरा.

सोन्याची खूण यादीवरून ठरत नाही, ती रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचं प्रमाणपत्र आहे. कंपनीने अर्ज केला, हिशेब दाखवला, तर मिळतं. खूण नाही म्हणजे खपलं नाही, असं होत नाही. शिवाय सिंगलसाठी १० लाखांची अट १९८९ ला ५ लाखांवर आली. प्लॅटिनम १९७६ पासून, त्याआधीच्या ओळीत ते शोधू नका.

दोन बाजूंचा नियम २९ नोव्हेंबर १९६९ च्या अंकापासून बदलला. तोवर दोन्ही बाजूंना वेगवेगळे क्रमांक, त्यानंतर दोन्ही एका ओळीत. १९६४ च्या कलाकाराची हिट गाणी आणि १९७० च्या कलाकाराची हिट गाणी नुसती मोजून तुलना केली की आकडा लंगडा येतो.

आणि सगळ्यात मोठी : बिलबोर्डची हॉट १०० ही मुख्य यादी सुरू झाली ४ ऑगस्ट १९५८, सोमवार. रिकी नेल्सनचं गाणं पहिलं. त्याआधी बिलबोर्ड एकाच अंकात दुकानातली विक्री, रेडिओ निवेदकांचं वाजवणं, ज्यूकबॉक्स अशा वेगवेगळ्या याद्या छापत असे, आणि नोव्हेंबर १९५५ पासून 'टॉप १००' ही आणखी एक. १९५६ च्या गाण्यासमोर १ दिसला तर तो यांपैकी सर्वांत वरचा क्रमांक असतो. बाकीच्या याद्यांत तेच गाणं तिसरं-चौथंही असेल.

भौ_दर्यापूरचा

म्हंजे इथंबी मोजनारा कोन हे पयले पाहाच लागते! बरं, त्यांच्या वार्षिक यादीतबी आपल्यासारखाच घोळ हाये काय?

हॉट१००_हिंगणघाट

आहे, आणि मोठा गमतीचा आहे. बिलबोर्डची १९६५ ची वार्षिक यादी काढा. पहिल्या क्रमांकावर 'वूली बुली'. हे गाणं आठवड्याच्या यादीत एकदाही पहिलं आलं नव्हतं, दोनच्या वर सरकलंच नाही. पण खूप आठवडे वरच्या भागात रेंगाळलं, गुण साचत गेले. व्हिटबर्न यांच्या वार्षिक पुस्तकात हिशेब उलटा : आधी सर्वोच्च क्रमांक, बरोबरी झाली तर त्या क्रमांकावरचे आठवडे, मग वरच्या दहातले आठवडे. तिथे 'वूली बुली' पहिलं येऊच शकत नाही. एकाच साप्ताहिकाचे आकडे, दोन वार्षिक याद्या. मला विचाराल तर व्हिटबर्नची रीत वाचायला सोयीची आणि बिलबोर्डची रीत खपाच्या जवळ जाणारी.

१९९१ नंतरची पानं चाळताना अजून सावध. ३० नोव्हेंबर १९९१ च्या अंकापासून दुकानदाराच्या तोंडी अहवालाऐवजी बारकोडवरून मोजलेली विक्री आणि यंत्राने टिपलेलं रेडिओवरचं वाजवणं आलं. त्यानंतर गाणी पहिल्या नंबरवर महिनोन्‌महिने ठाण मांडून बसायला लागली. गाण्यांचा दर्जा त्याने वाढला नाही, तराजू बदलला. आणि ५ डिसेंबर १९९८ पर्यंत सिंगल म्हणून विक्रीला न काढलेलं गाणं यादीत येतच नव्हतं. नव्वदच्या दशकातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं एखादं गाणं पुस्तकात नाही म्हणून पुस्तकाला शिव्या घालण्याआधी हे तपासा.

तबकडी_तुमसर

व्हिटबर्नच्याच '१८९० ते १९५४' वाल्या पुस्तकाबद्दल इशारा देऊन ठेवतो, कारण ते जुन्या बाजारात दिसलं की लोक हरखतात. बिलबोर्डची रेकॉर्ड विक्रीची राष्ट्रीय यादी २७ जुलै १९४० ची. त्याआधीच्या पन्नास वर्षांची आठवड्यागणिक क्रमवारी कुठून आणायची? वेगवेगळ्या जुन्या स्रोतांवरून ती मागाहून रचलेली आहे, आणि अभ्यासकांनी त्यावर कडक टीका केली आहे. कलाकारांची ओळख, लेबलं, क्रमांक यासाठी पुस्तक उत्तम. १९४० च्या आधीचा 'पहिला नंबर' मात्र कुठे उद्धृत करू नका.

भारतातल्या जुन्या तबकड्यांसाठी क्रमवारीच्या नादी न लागता थेट नोंदींकडे जावं. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय मुद्रणांच्या याद्या केल्या आहेत. कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ ला कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करून गेला, ते मुद्रण याच काळातलं. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिकही बघावं.

घरात तबकडी असेल तर पुस्तकाशी जुळवताना दोन क्रमांक टिपा. एक लेबलवरचा, हा विक्रीचा क्रमांक. दुसरा शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला, हा मुद्रणाचा. बॅटरी आडवी धरली की तो उठून दिसतो. तेच मुद्रण पुढे दुसऱ्या विक्री क्रमांकाखाली परत निघालेलं असतं, मग लेबलवरचा क्रमांक पुस्तकात सापडत नाही. कोरलेला क्रमांक जुळला तर मुद्रण तेच.

लेबलवरच्या नावावर डोळे झाकून विश्वास नको. 'महल'च्या (१९४९) प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. हे पडद्यावरच्या पात्राचं नाव, गायलेलं लतादीदींनी.

मेहकरी_रेघ

हिंदी-इंग्रजी झालं, आता मराठीचं बघू. आपल्याकडे भावगीतांची आठवड्याची क्रमवारी नव्हती, त्यामुळे मराठीत 'हिट' ठरवायला यादीचा आधार नाही. मग काय बघायचं? तेच गाणं किती वेळा पुन्हा छापलं : आधी ७८, मग ईपी, मग एलपी (मोठी तबकडी), मग कॅसेटचा संच. कंपनी न खपणारं गाणं चार माध्यमांतून काढत नाही. दर वेळचा रेकॉर्ड क्रमांक वेगळा, त्यामुळे एका गाण्यापुढे जितके वेगळे क्रमांक तितकी त्याची उमर. हे ढोबळ माप आहे, पण हाती असलेल्यांत बरा.

आपल्या भागातलंच उदाहरण देते. 'रानारानांत गेली बाई शीळ' ही मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कविता, जी. एन. जोशींनी गायली आणि मराठी भावगीताच्या तबकड्यांची चर्चा तिच्यापासून सुरू होते. शोधायला बसा : काही याद्यांत ती 'शीळ' या शीर्षकाखाली, काहींत पहिल्या ओळीखाली, आणि ओळीतही 'रानारानात' की 'रानारानांत' यावरून जागा बदलते. एकाच गाण्याच्या तीन नोंदी करून त्या तीन तबकड्या समजणारे आहेत.

संगीतकाराच्या सूचीत 'आनंदघन' आणि 'लता मंगेशकर' दोन ठिकाणी दिसले तरी माणूस एकच. मोजणी करताना दोन्ही एकत्र करा, पण नोंदीत छापलेलं नाव तसंच ठेवा.

जालावर 'आठवणीतली गाणी' गीतकार, संगीतकार, गायक पडताळायला चांगलं आहे.

ग्रंथपाल_दारव्हा

वही कशी ठेवावी असं व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलं, इथेच लिहिते. लांब रजिस्टर घ्या आणि समोरासमोरची दोन पानं मिळून एक तक्ता करा. डाव्या पानावर मुखडा, चित्रपट, गायक जसा छापला तसा, गायक खरा, रेकॉर्ड क्रमांक. उजव्या पानावर यादीचं नाव, यादीची तारीख, सर्वोच्च क्रमांक, आठवडे, आणि कुठल्या पुस्तकाची कुठली आवृत्ती, पान किती. शेवटचा रकाना टाळला की सहा महिन्यांनी तोच आकडा परत शोधत बसावं लागतं. आवृत्तीही लिहाच, पुढच्या आवृत्तीत पानं सरकतात आणि चुकाही दुरुस्त होतात. वरच्या ओळीसारखंच असेल तिथे दोन टिंबं देऊ नका, मध्ये ओळ घुसवली की ती टिंबं भलत्याच गाण्याची होतात.

फोनवरच्या तक्त्यात भरत असाल तर शुद्धलेखनाचा एकच नियम ठरवा. हिंदी पुस्तक 'ज़िन्दगी' छापतं, आपण 'जिंदगी' लिहितो. नुक्ता आणि अर्धा न यामुळे यंत्राला हे दोन शब्द वेगळे, क्रम लावला की दूरदूर जातात. शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा.

बिलबोर्ड आणि कॅशबॉक्स (हेही अमेरिकन साप्ताहिक) यांचे जुने अंक 'वर्ल्ड रेडिओ हिस्टरी' या साइटवर पाहता येतात, बिलबोर्ड गूगल बुक्सवरही आहे. एकेक अंक जड असतो. आधी पुस्तकातून तारीख काढा, मग तेवढाच अंक उघडा. कॅशबॉक्स पाहताना ध्यानात असू द्या की पन्नासच्या दशकात ते गाणं मोजायचं, एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या गायकांच्या तबकड्या एका ओळीत. बिलबोर्ड तबकडी मोजायचं. त्यामुळे तिथला पाचवा आणि इथला पाचवा यांची सांगड घालू नये.

काटोल_वाला

बरं, पटलं निम्मं. आता एक कामाचं विचारतो. हजार पानांची ही पुस्तकं आपल्या उन्हात टिकतात का? टिनाखालच्या खोलीत कपाट आहे.

ग्रंथपाल_दारव्हा

टिनाखाली नकोच. मे महिन्यात लोखंडी कपाट तिथे भट्टी होतं आणि डिंकाने चिकटवलेल्या पाठीतला डिंक कडक होतो. मग पुस्तक मधोमध उघडलं की कडकन आवाज येऊन पाठ फुटते आणि पानांचा गठ्ठा हातात. माळवदाच्या किंवा स्लॅबच्या खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. काळ्या मातीतलं घर असेल तर कपाटाचे पाय विटांवर घ्या, उधई भिंतीवरून आणि जमिनीवरून चढते. दर पंधरा दिवसांनी मागची बाजू बघा. मातीची बारीक नळी दिसली की नुसती पुसू नका, ती कुठून निघाली ते शोधून तिथे औषध घाला.

नवं जाड पुस्तक पहिल्यांदा उघडताना पाठ टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे आडवे पाडा, मग समोरून आठ-दहा पानं, मागून आठ-दहा पानं असं दोन्हीकडून दाबत मध्यापर्यंत या. वाचताना दोन्ही बाजूंना उशी लावली तर पाठीवर ताण येत नाही.

पावसाळ्यात पानं ओलसर झाली तर उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो आणि वाकतो. सावलीत उभं करून पानं सुटी ठेवा, पंखा लावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात नाही. तिचा डिंक दोन उन्हाळ्यांत तपकिरी होतो आणि खालचा आकडाच खातो. बांधणी करून घेताना बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते पुठ्ठ्याच्या आतपुरतं ठीक, छापील पानांना नको. आणि कटाई सांभाळून करायला सांगा, व्हिटबर्नच्या डाव्या रकान्यातली तारीख कडेला असते. जास्त कापलं तर तारीखच जाईल.

भौ_दर्यापूरचा

आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गाचं. पैसे तं कमीच. एकच घ्याचं असन तं कोनतं घेवावं?

वर्धाकाठ (धागाकर्ता)

वाचणारे कोण आहेत त्यावर ठरवा. साठीच्या पुढची मंडळी जास्त असतील तर गीत कोशाचा १९६१ ते ७० चा खंड, आणि सोबत गीतमालाच्या वार्षिक याद्या वहीत उतरवून. दोन्ही शेजारी ठेवले की कोशातून चित्रपटाचं वर्ष आणि यादीतून गाजल्याचं वर्ष, ही फटच लोकांना चर्चेला लावते. इंग्रजीचं घ्यायचं तर टॉप ४० ची जुनी आवृत्ती चालेल, साठ-सत्तरच्या नोंदींसाठी नवीच हवी असं नाही.

ग्रंथपाल_दारव्हा

जुनी प्रत घेताना नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) हातात घेऊन बघता आली तर उत्तम. आधी शेवटची पानं मोजा, सूची तिथे असते आणि फाटते तीच. सूची नसलेला कोश फुकट मिळाला तरी त्रासाचा. मग मधली पानं क्रमाने आहेत का ते बघा, परत बांधलेल्या प्रतीत सोळा पानांचा एखादा फर्मा उलटा किंवा गहाळ असतो. डाव्या रकान्यात कुणी पेनाने खुणा केल्या असतील तर घाबरू नका, उलट ती प्रत वापरलेली आहे. फक्त छापील आकडा खोडून वर दुसरा लिहिला असेल तर तो अंकाशी पडताळल्याशिवाय घेऊ नका.

टपालाने मागवत असाल तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' आहे, पुस्तकांसाठी, ५ किलोपर्यंत. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. आणि विक्रेत्याला कळवताना नुसतं 'खंड ४' लिहू नका, '१९६१ ते १९७०' असं वर्षांनी लिहा. पॅकिंगला पुठ्ठा दोन्हीकडून आणि कोपऱ्यांना दुहेरी मागा, एसटीच्या टपावरून उतरताना पहिला मार कोपऱ्यालाच बसतो.